लुगड्यात बांधलेली वायरिंग

गाडीची लाईट तपासायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबायचा, बटण ओढायचं, इंडिकेटर टाकायचा. दुसऱ्यानं बाहेर बल्बापाशी उभं राहून बघायचं. एकट्याला दोन्हीकडं होता येत नाही. कुणी दुकानातल्या गड्याला बसवतो, कुणी गाडीवाल्यालाच बसवतो. माझ्याकडं बायको होती.

आता मी ब्रेकच्या पायडलावर टामी, म्हणजे लोखंडी दांडा, टेकवतो, तिचं दुसरं टोक सीटाखाली अडकवतो अन् मागं जाऊन बघतो. बघून पुन्हा पुढं येतो, टामी काढतो. पुढची लाईट असली तर गाडीचं तोंड शेडाच्या पत्र्याकडं करतो, म्हणजे आत बसल्या जागी उजेड दिसतो. काम होतं. कामाचं काही अडत नाही. पण पत्रा बोलत नाही, अन् मला काम करताना कुणीतरी बोलायची सवय लागलेली.

गेवराईत हायवेच्या कडंला माझं शेड आहे. जुन्या जीपांची वायरिंग करायची, डायनॅमो दुरुस्त करायचा, सेल्फ खोलायचा, हा माझा धंदा. चौथीपर्यंत शाळा झाली. पुढं एका बॅटरीवाल्याच्या हाताखाली राहिलो. त्यानं मला एकच शिकवलं. करंट निघाला कुठून, जातो कुठं अन् परत कसा येतो ते बघ, बाकी सगळी बडबड. तेवढ्यावर माझी जिंदगी निघाली.

लग्न झाल्यावर बायको दुपारची भाकरी घेऊन शेडावर यायची. माझं खाऊन होईपर्यंत बसायची. एकदा मी जीपच्या मागं होतो अन् पुढं कुणी नव्हतं, म्हणून तिला म्हणलं, बस आत अन् ते पायडल दाब. ती पदर खोचून बसली अन् दोन्ही हातांनी स्टेरिंग गच्च धरलं, जशी काही गाडी हायवेवर पळायलीय. त्या दिवसापासून भाकरी घेऊन आली की संध्याकाळपर्यंत घरी जायची नाही.

मग उलटं झालं. मी आत बसायचो अन् ती बल्बापाशी उभी राहायची, कारण तिची नजर माझ्यापेक्षा चांगली. मी आतून विचारायचो, लागली का. ती नुसतं हो-नाही म्हणायची नाही. "लागली, पण रडायली," म्हणायची. बल्ब पिवळा, मंद पेटला म्हणजे रडायली. लुकलुक करायला लागला म्हणजे लाजायली. चांगला लखलखीत असला म्हणजे हासायली. गिऱ्हाईक ऐकून आम्हाला येड्यात काढायचं. पण मला तेवढ्यात कळायचं. रडायली म्हणजे करंट वाटंत कुठंतरी अडायलाय, लाजायली म्हणजे कुठंतरी सैल आहे. अर्धा फॉल्ट ती उभ्या उभ्या सांगून टाकायची.

कापडाचं काम बी तिनंच काढलं. तवा लिलावातल्या जीपा लई यायच्या. उंदरानं कुरतडलेली, वितळून एकमेकीला चिकटलेली वायरिंग. ती सगळी काढायची अन् नवी ओढायची. वायरी ओढून झाल्या की त्यांची जुडी करून वरून काळी टेप गुंडाळायची, अशी पद्धत. पण आमच्याकडचा उन्हाळा टेपला सोसत नाही. चैत-वैशाखात बॉनेटखाली टेपचा डिंक पातळ होतो, टेप सुटते, त्याच्यावर फुफाटा बसतो अन् जुडीचा गुळाच्या भेलीगत चिकट गोळा होतो. पुन्हा ती वायर उघडायची म्हणजे हात रॉकेलनं धुवावे लागायचे.

बायको म्हणली, टेप सोडा, मी बांधून देते. तिनं जुनं लुगडं फाडलं, दोन बोटं रुंद पट्ट्या काढल्या, पातळ केलेल्या मेणातून त्या ओढल्या अन् वायरीच्या जुडीवर तिरक्या गुंडाळल्या. वरून गोधडीला घालतात तसा धागा घातला, बारीक टाक्याचा. वायर फुटून बाजूला जायची तिथं तिनं असा काही टाका घातला, की जुडी ओढा, वाकवा, कापड फाकत नव्हतं. गोधड्या ती लहानपणापासून शिवत आलेली. जीप बी तिला गोधडीच वाटली असल.

डायव्हर लोकांनी लई टवाळी केली. जीपीला लुगडं नेसवलंय म्हणायचे. एक जण म्हणला, मिस्तरी, आता हिला कुकू बी लावा. पण उन्हाळा गेला, दुसरा गेला, कापड जसंच्या तसं. चिकट नाही, सुटलं नाही. मग त्याच लोकांनी आपल्या गाड्या आणल्या अन् वहिनीकडून बांधून द्या म्हणायला लागले. घरातली जुनी लुगडी संपली की ती मावश्या-बहिणींकडून मागून आणायची. कुठल्या गाडीत कुणाचं लुगडं गेलं ते तिला पाठ असायचं. एखादी जीप हायवेवरून गेली की म्हणायची, चालली बघा धाकल्या मावशीची.

ती गेली त्याला आता एक पाऊसकाळ उलटून गेला. पोटाचं दुखणं होतं. लवकर सांगितलं नाही, सांगितलं तवा दवाखान्यानं हात टेकले. जास्त लिहीत नाही. मुलगा पुण्याला असतो, फोन करतो, इकडं या म्हणतो. तिथं जाऊन मी काय करू? चौथ्या मजल्यावर बसून खालच्या गाड्या बघू?

घर मोठं नाही, दोन खोल्या. पण ती गेल्यावर त्या दोन बी जास्त झाल्या. संध्याकाळी कुलूप काढून आत गेलो की मी लवकर लाईट लावत नाही. तसाच बसतो. लोकांच्या गाड्यांत उजेड करत फिरलो अन् घरात बटण दाबायला हात जात नाही. लावली की सगळं दिसतं. तिची खुंटी दिसते, खुंटीवर काही नाही ते दिसतं.

तिच्या हातच्या गाड्या एकेक करून संपल्या. काही भंगारात गेल्या, काहींची वायरिंग मालकांनी बदलली. ती असताना मी कधी मोजदाद ठेवली नाही. ती गेल्यावर मात्र कुठली जुनी जीप दिसली की बॉनेट उघडायला सांगायचो. लोक विचारायचे, मिस्तरी, कावून? मी म्हणायचो, उगं. कुठंच कापड दिसलं नाही. एवढा मोठा धंदा आम्ही दोघांनी केला अन् तिचा एक टाका मला दाखवायला मिळंना.

दिवाळी झाली, उसाचे फड सुरू झाले. एक दिवस ट्रॅक्टरमागं बांधून एक जीप शेडावर आली. माजलगावकडची. मालक चाळिशीतला, धरणाच्या पाण्यावर ऊस करणारा. जीप त्यानं कुणाकडून तरी विकत घेतलेली, आधी कुठं होती ते त्याला माहीत नव्हतं. मी बॉनेट उचललं. आत हिरवं इरकली, लाल काठाचं. काठ वरच्या बाजूला यायला पाहिजे म्हणून तिनं पट्टी कशी वळवली होती ते मला लगेच आठवलं. हे तिचं स्वतःचं लुगडं. पार विरेपर्यंत नेसली अन् मग फाडलं.

मालक बोलत होता, मला अर्धंच ऐकू येत होतं. लाईट मंद लागते, कधी सेल्फ मारला की नुसता टकटक करतो, अन् मागच्या आठवड्यात फडातून येताना सगळीच गाडी बंद पडली. हॉर्न नाही, लाईट नाही, काही नाही. थोड्या वेळानं आपोआप चालू झाली. मागं तोडणीवाल्यांची लेकरं बसलेली. सकाळी बायका ऊस तोडायला लागल्या की लेकरांना तो या जीपीतून कोपीवरून, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या खोपटावरून, फडावर आणायचा अन् दिवस मावळायला परत न्यायचा.

मग त्यानं मागच्या सीटवरून एक खोकं काढलं. तयार हार्नेस, म्हणजे सगळ्या गाडीची वायरिंग बांधून आलेली, शहरातून आणलेली. म्हणला, "मिस्तरी, फॉल्ट सापडला तर बरं. न्हाई तर हे चिंध्यांचं सगळं काढून फेका आन हे बसवा. आन पुढचे चार फोकस नीट चालले पायजेत, फडात अंधार लई असतो."

चिंध्या म्हणला. त्याची काही चूक नाही, त्याला काय ठाऊक.

मी म्हणलं, "सापडल. खोकं घेऊन जा घरी."

तो हसला. "ऱ्हाऊ द्या इथंच. तुमच्याजवळ काही भाकर मागत न्हाई ते."

त्यानं गाडी ठेवली अन् ट्रॅक्टरवर बसून गेला. खोकं मी बाकड्याखाली सरकवलं. मला तेवढंच दिसत होतं, की फॉल्ट सापडला तर तिचं कापड गाडीत राहतं, नाही सापडला तर मी माझ्या हातानं ते काढायचं.

पहिली नजर गेली ती फोकसांवर. पुढच्या बंपरवर पाईप बसवून चार मोठे फोकस लावलेले, अन् ज्यानं कुणी लावले त्यानं करंट हेडलाईटच्या वायरीतूनच ओढलेला. वायर ब्लेडनं सोलून नुसती पिळलेली. दोन बैलांच्या दाव्याला सहा बैल बांधल्यागत. मला आनंद झाला. म्हणलं, हाच तो चोर. तो जोड तोडला. बॅटरीवरून जाड वायर सरळ ओढली, तिच्यात फ्यूज घातला अन् मधी रिले बसवला. रिले म्हणजे छोटी डबी. आतल्या बटणाला थोडासाच करंट लागतो, मोठं ओझं ही डबी उचलती. फोकस असे लागले की समोरच्या पंचरवाल्यानं डोळ्यांवर हात धरला. पण हेडलाईट लावली तर पत्र्यावर पिवळा उजेड. रडायली होती.

मग अर्थिंग बघितलं. जुन्या जीपीत निम्मे आजार अर्थिंगचे असतात. करंट बॅटरीतून वायरीनं जातो अन् बॉडीच्या लोखंडातून परत येतो. लोखंडाला गंज धरला, वरून कुणी रंग मारला, की परतीची वाट बंद. बॅटरीपासून चेसीपर्यंत, चेसीपासून इंजिनापर्यंत सगळे जोड खोलले, रंग खरवडून लोखंड पांढरं केलं, नवी पट्टी टाकली. सेल्फ एका झटक्यात फिरला. मी पंचरवाल्याला ओरडून सांगितलं की झालं काम. उमापूरच्या रस्त्यानं ट्रायल मारायला गेलो. पहिल्या खड्ड्यापर्यंत सगळं बरं होतं. खड्ड्यात चाक गेलं अन् सगळं बंद. रस्त्याच्या मधी बसून राहिलो. शेळ्यावाल्या बाईनं विचारलं, पेट्रोल संपलं का? मी नुसती किल्ली फिरवत होतो. जरा वेळानं मीटरचा काटा हलला अन् चालू झाली.

नंतर स्विच खोलला, बरा होता. फ्यूजची डबी काढली, पट्ट्या घासल्या. डायनॅमो उतरवून कार्बन बघितले. कटआऊटचं झाकण उघडून पत्त्या साफ केल्या. दोन-तीन दिवस असेच गेले. दुसरं कुणाचं काम घेतलं नाही.

पंचरवाला माझा जुना दोस्त. त्याचं दुकान समोरच, आमच्या दोघांची दाढी तिथंच पिकली. तो रोज येऊन बॉनेटवर कोपर टेकवून उभा राहायचा. त्या दिवशी म्हणला, "काय बे, आजून न्हाई का सापडलं? पेशंटला ताप आलाय आन तू त्याच्या चपला तपासायलास."

मी म्हणलं, "तुपलं पंचर बघ ना तू."

"मपलं पंचर पाण्यात बुडवलं की बुडबुडा दाखवतं," तो म्हणला. "तुला बुडबुडा दिसायलाय, पण तिकडं तू बघायला तयार न्हाईस."

मी पान्हा खाली ठेवला. त्याला वायरिंगमधलं काही कळत नाही, पण मला तो ओळखून आहे. तो गेल्यावर मी टेस्ट लॅम्प घेतला. टेस्ट लॅम्प म्हणजे एक बल्ब अन् त्याला दोन वायरी, आमचं सगळ्यात जुनं हत्यार. एक टोक लोखंडाला लावायचं, दुसरं वायरीला. स्विचपाशी लावला, बल्ब लखलखीत. तीच वायर पुढं हेडलाईटपाशी निघते, तिथं लावला. बल्ब पिवळा, नुसती तार लाल झालेली. स्विचपाशी करंट पुरा अन् हेडलाईटपाशी अर्धा. मधी ना जोड, ना फ्यूज, ना बटण. मधी फक्त तिचं कापड.

त्या दिवशी मी शेड लवकर बंद केलं.

सकाळी आलो. ब्लेड घेतलं, मग ब्लेड ठेवून दिलं. बाजूच्या किराणा दुकानातून सुई मागून आणली अन् सुईनं टाका उसवायला बसलो. चाकाच्या वरच्या बाजूला जिथं जुडी खाली वाकून पुढं जाते, तिथून सुरुवात केली. वरून कापड कोरडं दिसत होतं. दोन पदर उलगडले तर आत ओलं. बोटाला पाणी लागलं. आणखी उलगडलं. वायरीचं प्लास्टिक तडकलेलं, अन् तडकल्या जागी तांबं हिरवं झालेलं. बोटानं चोळलं तर त्याची भुकटी पडली. दहा तारांतल्या दोनच तारा धरून होत्या. बॅटरीकडून आत जाणारी मोठी वायर बी त्याच जुडीत, तिची बी तीच गत. खड्डा आला की त्या बी सुटत असणार.

तांबं कळकलं होतं. तिच्याच तोंडातला शब्द. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली अन् त्यात ताक राहिलं की ती ओरडायची, कळकलं सगळं, फेकून द्या. तसंच झालेलं.

आम्ही कापड बांधलं ते उन्हाला भिऊन. आम्ही दोघं बी कोरड्या गावचे. पाणी टँकरनं यायचं, नाही तर विहिरीच्या तळातून खरवडून भरायचं. गाडीच्या वायरीला पाण्याची भीती असते हे आमच्या डोक्यातच आलं नाही कधी. आमच्याकडच्या रस्त्यांवर जीपीच्या पोटाला पाणी लागायचं ते नदीतून गेली तरच. मेण लावलं ते बी कापड ताठ राहावं म्हणून. अन् ही जीप गेली धरणाच्या पाण्यावर. रोज पाटाचं पाणी, रोज भिजलेला फड, चाकं बुडेपर्यंत चिखल. मेण निघून गेलं अन् कापड पाणी पीत राहिलं. टेप असती तर पाणी निथळून गेलं असतं. कापडानं ते धरून ठेवलं. तिनं इतकं घट्ट शिवलेलं, की आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाटच नव्हती.

मग मी आतल्या बाजूला उसवत गेलो. डॅशबोर्डाखालचं कापड कोरडं खडखडीत होतं. मेण अजून हाताला लागत होतं. वायर सोलून बघितली, तांबं नव्या पैशागत लाल. म्हणजे निम्मी वायरिंग चांगली अन् निम्मी सडलेली.

मनात आलं, सडलेली तेवढी कापावी अन् नवे तुकडे जोडावे. वरून तेच कापड गुंडाळावं. मालकाला सांगावं, सापडला फॉल्ट, गाडी घेऊन जा. जोड मारायला मला कुणी शिकवायला नको. पण बॉनेटखाली एवढे जोड म्हणजे रोजचा एक फॉल्ट. ओल कोरड्या भागाकडं सरकत राहणार. एखाद्या दिवशी फडातून येताना तडकलेली वायर लोखंडाला लागली तर ठिणगी, अन् कापडावर मेण अन् पेट्रोल दोन्ही. मागं लेकरं. त्यांना दार उघडून उतरता बी येत नाही.

दुपारी मालक आला. माझ्याकडं यायच्या आधी तो पंचरवाल्याकडं हवा भरायला थांबलता अन् त्या दोस्तानं त्याला सगळं सांगून टाकलेलं. कापड कुणाचं, बांधलं कुणी, ती आता नाही. मला ते त्याच्या चालण्यावरूनच कळलं. गाडी ठेवली त्या दिवशी तो पाय आपटत आलता, आज चप्पल बाहेर काढून शेडात आला. माझ्या शेडात कुणी चप्पल काढत नाही. सगळीकडं तेल असतं.

मी त्याला ओलं कापड दाखवलं, हिरवं तांबं दाखवलं, टेस्ट लॅम्प लावून दोन्हीकडचा उजेड दाखवला. तो खाली बसून बघत होता. कापडाला त्यानं हात लावला नाही.

मग म्हणला, "मामा, आसं करू. नवी वायरिंग वरून ओढा. ही जुनी हाय तिथंच ऱ्हाऊ द्या. करंट काढून टाका तिच्यातला, आन आसू द्या नुसती. मला काही अडचण न्हाई. बॉनेट उघडलं की दिसल."

त्या दिवशी मिस्तरी होतो, आज मामा झालो.

खरं सांगतो, माझ्या मनासारखं तो बोलला होता. हो म्हणायला तोंड उघडलं बी होतं. कापड राहिलं असतं, गाडी चालली असती, लेकरांना धोका नव्हता. कधीमधी माजलगावला जाऊन बॉनेट उघडून बघता आलं असतं.

पण आमच्या धंद्यात एक गोष्ट करत नाहीत. मेलेली वायर गाडीत ठेवत नाहीत. आज तुम्हाला ठाऊक आहे ती मेलेली आहे. पुढं कुणी दुसरा मिस्तरी येतो, त्याला एखादी वायर कमी पडते, त्याला ही आयती दिसते. तो तिला जिती समजून जोडतो. मी अशा जळलेल्या गाड्या बघितल्या आहेत. ज्याच्या त्याच्या गाडीतून मी त्या वायरी उपटून काढल्या अन् वर ठेवणाऱ्याला शिव्या घातल्या. बायकोनं बी ऐकल्या आहेत त्या शिव्या. ती स्वतः मला विचारायची, सगळी काढली ना, मागं काही ठेवली नाही ना.

मी म्हणलं, "मेलेली वायर गाडीत ठेवायची नसती, बाबा."

"आवो पण मामा, मीच म्हणतोय ना."

"तू म्हणलास ते लई झालं. ते खोकं काढ बाकड्याखालून."

त्यानं खोकं काढलं. मी बॅटरीची तार सोडली अन् कटर घेतलं. हेडलाईटपाशी कापलं, मग हॉर्नपाशी, डायनॅमोपाशी, फ्यूजच्या डबीपाशी. क्लिपा सोडल्या. मालक पुढं आला, धरू का म्हणला. मी नको म्हणलं. जुडी एकट्यानं ओढून काढली. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या, भोकात ती जरा अडली. जोर केला असता तर निघाली असती, पण मी आत वाकून हातानं मोकळी केली अन् मग घेतली.

खाली पोत्यावर ठेवली तर तशीच राहिली, जशी गाडीत होती तशी. जिथं वाकलेली तिथं वाकलेली, दोन फाटे पुढं हेडलाईटकडं, एक लांब मागं. गाडी नसताना गाडीचा आकार. कुणी म्हणल माणसागत दिसत होतं. मला नाही दिसलं. मला जीपच दिसली, अन् तिच्या कडंनं गेलेला टाका दिसला, सगळीकडं सारखा, जिथं कुणी कधी बघणार नव्हतं तिथं बी.

नवी वायरिंग बसवायला फार कसब लागलं नाही. प्रत्येक वायरीचा रंग वेगळा, प्रत्येक टोकाला खटका. वरून प्लास्टिकची नळी, पाणी आत जात नाही. चांगली वस्तू आहे. चांगल्याला वाईट म्हणायची माझी सवय नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं झालं. हेडलाईट लागली, हॉर्न वाजला, चारी फोकस रिलेवर चालले. उमापूरच्या रस्त्यावर त्याच खड्ड्यातून दोनदा घातली. काही झालं नाही.

जाताना मालक पोत्यावरच्या जुडीकडं बघून उभा राहिला. शेवटी एवढंच म्हणला, की लेकरांना सांगन मी. काय सांगणार ते त्यालाच ठाऊक. मी म्हणलं, सावकाश जा. जीप हायवेला लागली, उसाच्या एका ट्रॉलीमागं गेली अन् दिसेनाशी झाली.

आता तिच्या हातची एकही गाडी रस्त्यावर नाही. हे मी त्या दिवशी शेडात उभं राहून एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. पत्र्याखाली आवाज जरा घुमला.

पंचरवाला रस्ता ओलांडून आला. म्हणला, चल, च्या पिऊ. मी म्हणलं, मला काम आहे, एका गाडीच्या बॅटरीचं पाणी बघायचंय. शेडात एक बी गाडी नव्हती. ते त्याला दिसत होतं. तो परत गेला. जरा वेळानं दोन गिलास च्या घेऊन आला अन् रिकाम्या तेलाच्या डब्यावर बसला.

च्या पिताना तो सारखा पोत्याकडं बघायचा. मग म्हणला, "हिचं काय करणार बे? भंगारवाला जाळून तांबं काढल."

"भंगारात न्हाई द्यायची," मी म्हणलं. "उसवणार हाय. सुईनं."

"आज?"

"आज न्हाई."

त्यानं मान हलवली. समोर त्याच्या दुकानावर एक ट्रक येऊन थांबला, डायव्हरनं हॉर्न मारला, पुन्हा मारला. तो उठला नाही. गिलास रिकामा झाला तरी तिथंच बसून राहिला.